अंगठ्याखालचा तीळ

कटिंग झाली की आम्ही गिऱ्हाइकाच्या मागे लहान आरसा धरतो. समोरच्या मोठ्या आरशात त्याला मागची मान दिसावी म्हणून. गिऱ्हाईक "बरं हाय" म्हणून मान हलवतं आणि अंगावरचं कापड झटकायच्या आधीच मोबाईल काढतं. त्या आरशात खरोखर बघणारी माणसं मी हाताच्या बोटांवर मोजीन. आम्हालाही हे माहीत असतं, तरी आरसा धरायचाच. नाही धरला तर कटिंग अर्धी राहिल्यासारखी वाटते लोकांना.

त्यामुळे सोलापूरच्या पूर्व भागातल्या बऱ्याच माणसांच्या डोक्यामागे काय आहे ते त्यांना ठाऊक नाही आणि मला ठाऊक आहे. आता दुकान मुलगा बघतो. मी सकाळी दोन-तीन जुनी डोकी करतो आणि बाकी वेळ बाकावर बसून पेपर वाचतो. आमच्या एका गिऱ्हाइकाने दिवाळी अंक काढलाय, तो म्हणाला, मामा, धंद्यातल्या गमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलं की मी एकाच डोक्यापाशी येऊन अडकतो, आणि पेन ठेवून बाहेर एक चक्कर मारून येतो. तेव्हा तेच डोकं लिहून मोकळं व्हावं म्हणतो.

आधी धंद्याचं थोडं सांगतो. आम्ही माणूस चेहऱ्यावरून कमी आणि डोक्यावरून जास्त ओळखतो. भोवरा कुठे आहे, केस कुठल्या अंगाला वळतात, आणि तीळ, मस, चामखीळ कुठे कुठे आहे, हे हाताला पाठ असतं. तीळ सपाट असला तर त्रास नाही, वरून मशीन सरळ जातं. मस मात्र वर आलेला असतो. कंगव्याचा दात त्यात अडकला की रक्त, आणि डोक्यावरचं रक्त लवकर थांबत नाही, तुरटी घासून घासून हात दुखतो. म्हणून ती जागा आली की डाव्या अंगठ्याने मस झाकायचा आणि कात्री अंगठ्याच्या कडेने न्यायची. कापलं तर आपलं बोट कापलं जाईल, गिऱ्हाइकाचं काही नाही. हे मला वडिलांनी शिकवलं.

वडील त्यापलीकडेही जायचे. चामखीळ असली की घोड्याच्या शेपटीचा केस आणून तिच्या बुडाशी घट्ट बांधायचे आणि काही दिवसांनी ती गळून पडायची. अजूनही कोणी कोणी येऊन म्हणतं, मामा, एवढी ब्लेडनं उडवा की. मी उडवत नाही. केसाला आणि नखाला रक्त नाही, आपली हद्द तिथेच संपते, असं मी ठरवलेलं आहे.

जन्मखुणा मात्र आमच्याइतक्या कोणी बघितल्या नसतील. बाळाचं जावळ काढताना केसांखालचं डोकं घरच्यांना पहिल्यांदा दिसतं. माढ्याहून एक कुटुंब आलं होतं. पोरगं त्याच्या मामाच्या मांडीवर, समोर आजी. वस्तरा मागे गेला आणि डोक्याच्या मागच्या बाजूला चांगला तळहाताच्या निम्म्याएवढा लाल डाग निघाला. आजीने तिथल्या तिथे सुनेला विचारलं, गिऱ्हाण लागलं असताना भाजी चिरली हुतीस का? सून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, आजी, हे निम्म्या पोरांना असतं, माझ्या स्वतःच्या मुलाला होतं. माझ्या मुलाला नव्हतं. पण आजीचा आवाज खाली आला आणि जावळ पार पडलं. तोच मुलगा गेल्या वर्षी कॉलेजला सोलापुरात आला, दुकान शोधत आला आणि मागून केस एकदम बारीक करा म्हणाला. मी सांगितलं, बाबा, डाग दिसेल. म्हणाला, दिसू दे, मित्रांना आवडतो. आजीला कळवायला हवं होतं, पण ती राहिली नाही.

आता माझी फजिती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एक हेडमास्तर आमचे कायमचे गिऱ्हाईक. एकदा त्यांच्या कानामागे मला काळा ठिपका दिसला, आधी नसलेला. कडा वेड्यावाकड्या. मी कुठेतरी वाचलं होतं की नवा काळा डाग आला तर डॉक्टरला दाखवावं. मी आवाज खाली आणून त्यांना तसं सांगितलं. मास्तर पांढरे पडले. घरी जाऊन जेवले नाहीत, बायकोला बँकेची कागदपत्रं कुठे आहेत ते समजावून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी चामडीच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा फिरवला आणि डाग बोळ्यावर आला. केसांचा डाय होता. लावला होता आमच्याच दुकानात, मीच. मास्तरांनी ही गोष्ट साऱ्या गावाला सांगितली. पुढे कितीतरी दिवस खुर्चीत बसणारा प्रत्येक जण विचारायचा, मामा, आज माझ्या डोक्यात काय निघालं? आमची मंडळी घरात म्हणाली, तुम्ही डोकी बघा, डोक्यात शिरू नका.

आणि नेमका त्याच दिवसांत अंबादासचा तीळ बदलायला लागला.

अंबादासचा टॉवेलचा कारखाना आहे, म्हणजे एका पत्र्याच्या शेडमध्ये ओळीने माग. घरात तेलुगू, बाहेर मराठी. मी आणि तो जवळपास एका वयाचे. वडिलांच्या हाताखालून सुटून मी स्वतंत्र कात्री धरली तेव्हाच्या पहिल्या गिऱ्हाइकांत तो एक. त्याच्या उजव्या कानाच्या मागे, केसांच्या आत, मसुराच्या डाळीएवढा तीळ होता, वर आलेला, म्हणजे आमच्या भाषेत मस. जन्मापासूनचा. तेलुगूत त्याला पुट्टुमच्च म्हणतात, असं त्यानेच सांगितलं होतं. त्याची आजी म्हणायची, मागे खूण असली की देव पाठीशी असतो. कुठलंही काम सुरू करताना अंबादासचा हात मागे जायचा. नवा माग चालू करायचा, हात मागे. मुलीला बघायला पाहुणे यायचे, हात मागे. मी त्याचा तो मस किती वेळा अंगठ्याखाली धरला असेल, देव जाणे. डोळे मिटून दाखवला असता.

म्हणून बदलला तेव्हा मला आधी बोटाला कळलं. बुड रुंद लागलं. मग बघितलं तर एका बाजूने काळपट रंग बाहेर सरकलेला, शाई ओल्या कापडावर पसरते तसा. मी काही बोललो नाही. बोलणार काय? हेडमास्तरांचा डाय अजून ताजा होता. म्हटलं, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळी तो आणखी सरकलेला होता.

मी सांगितलं. अंबादास हसून हसून खोकला. म्हणाला, "मामा, मी डाय लावत न्हाय." झालं. मी पुन्हा सांगितलं तर म्हणाला, ते देवाचं हाय, वाढलं तर चांगलंच की.

मग मी त्याच्या डोक्याचा फोटो काढला. केस बाजूला करून, उजेडाकडे तोंड करून. त्याला दाखवला. त्याने मोबाईल लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, हे कुणाचं हाय? तुझंच, म्हणालो. त्याने फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाला, तुमचा फोन जुना हाय मामा, सगळंच काळं दिसतंय.

तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर राहिलं नाही. एसटीत बसलो की पुढच्या माणसाची मान वाचायचो. सिद्धेश्वराच्या देवळात रांगेत उभा असलो की पिंडीऐवजी पुढच्या डोक्यांकडे नजर जायची. जेवताना हात थांबायचा. मंडळी म्हणायची, दुसऱ्याच्या डोक्यावरच्या तिळासाठी तुम्ही का वाळताय? तिचं बरोबर होतं. पण ती जागा मी एकटाच बघत होतो. त्याच्या बायकोला केसांतलं काय दिसणार? त्याला स्वतःला तर दिसणं शक्यच नव्हतं. मी बघणं सोडलं असतं तर ती बघायला जगात कोणीच नव्हतं, आणि हा विचार मला सोडत नव्हता.

एकदा कटिंग करून पांढरं कापड काढलं तर मागच्या बाजूला रक्ताचा ठिपका. माझी कात्री लागली नव्हती. मी कापड त्याच्यासमोर धरलं. या वेळी तो हसला नाही. म्हणाला, दवाखान्यात मी जाणार न्हाय. तिथं गेला की माणूस आजारी हुतो. "तुमीच काढून टाका मामा. तुमचा हात मला ठावं हाय."

खरं सांगतो, क्षणभर वाटलं, काढावा. ब्लेड हातातच होतं. वडिलांनी काढला असता. एकदा गेला की माझीही झोप परत येईल. पण तो नुसता वरून उडवून भागणारा नव्हता, एवढं मला कळत होतं, आणि हद्दीचंही आठवलं. मी नाही म्हणालो. अंबादासला ते लागलं. म्हणाला, निस्तं भ्या घालता, करायची येळ आली की न्हाय म्हणता. उठला आणि गेला. आरसा धरायचा राहिला.

त्यानंतर तो यायचा बंद झाला. मी समजलो, दुसऱ्या दुकानात जातो. पण रस्त्यात लांबून दिसला तेव्हा केस वाढलेले. मग त्याच्या मेहुण्याकडून कळलं की नवस बोललाय. मुलीला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेले होते. बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली तर डोक्यावरचे सगळे केस तिरुपतीला देईन, तोवर कात्री लावणार नाही. आता बोला. म्हणजे इतके महिने ती जागा केसांखाली झाकलेली राहणार. आधी निदान मला दिसत तरी होती.

मी एकदा त्याच्या कारखान्यात गेलो. टॉवेल घ्यायचे आहेत असं निमित्त केलं. माग चालू असले की तिथे बोललेलं काही ऐकू येत नाही, सगळे खुणांनी बोलतात. मी माझ्या कानामागे बोट लावून भुवया उडवल्या. त्याने दोन्ही हात जोडून वर पत्र्याकडे दाखवलं. म्हणजे बालाजीवर सोपवलंय. मी पुन्हा बोट लावलं. त्याने टॉवेलची गठडी माझ्या काखेत दिली आणि हाताने दार दाखवलं. रागाने नाही, पण दाखवलं. ते टॉवेल मंडळींना आवडले, तेवढाच काय तो फायदा.

मुलीला मुलगी झाली. अंबादास पेढे घेऊन दुकानात आला, केस मानेवर रुळत होते. दुसऱ्या दिवशी निघणार होता. भांडण तो विसरला होता किंवा आनंदात विसरल्यासारखं करत होता. मी पेढा तोंडात घातला आणि तो गिळेपर्यंत माझ्या मनात नवीच धास्ती शिरली. तिरुपतीला न्हाव्यांच्या ओळीच्या ओळी बसलेल्या असतात, पुढच्याने उठायचं, मागच्याने बसायचं. डोकं भिजवलं की वस्तरा. त्या वस्तऱ्याला काय माहीत, आत काय आहे? मसावरून सरळ फिरला तर?

अंबादासच्या खिशात गठड्यांवर नाव टाकायचा काळा मार्कर कायम असतो. मी तो मागून घेतला. म्हणालो, मला काही सांगायचं नाही, दवाखान्याचं नावही काढत नाही. फक्त खूण करू दे, म्हणजे तिथल्या माणसाचा वस्तरा लागणार नाही. नवसाच्या वेळी रक्त नको. हे त्याला पटलं. मी केस वेगळे केले. मस आता मसूर राहिला नव्हता. मी त्याच्याभोवती कातडीवर मोठं काळं कडं काढलं आणि मार्कर परत दिला.

तो परत आला त्या दिवशी मी बाकावर पेपर वाचत होतो. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. खुर्चीत बसला आणि उपरणं काढलं. सगळं डोकं गुळगुळीत आणि उजव्या कानामागे, बरोबर माझ्या कड्याच्या आत, केसांचा एक झुपका. शेंडी जागा चुकून उगवावी तसा. माझ्या मुलाला हसू आवरेना, तो बाहेर गेला.

अंबादासने सांगितलं ते असं. तिथे केस काढायला त्याला एक बाई आली होती. तिने डोकं भिजवलं, वस्तरा फिरवत मागे आली आणि कड्यापाशी थांबली. हे कुणी काढलं, विचारलं. आमच्या न्हाव्यानं, याने सांगितलं. तिने केस बाजूला करून बघितलं. मागे रांग खोळंबली होती, लोक कुरकुरत होते, तरी पुन्हा बघितलं. मग तेलुगूत म्हणाली, अण्णा, तुमच्या न्हाव्याने कडं उगाच काढलेलं नाही. डॉक्टरला दाखवा. आणि कड्याबाहेरचे केस काढून आतले तसेच ठेवले. हा म्हणाला, अहो बाई, मी सगळे केस बोललोय, एवढे राहिले तर नवस अपुरा राहील. त्यावर ती म्हणाली, राहू दे अपुरा. डॉक्टर ते काढायच्या आधी हे केस काढा आणि मग पाठवून द्या. देव थांबतो.

"देव थांबतो म्हणली," अंबादास मला म्हणाला. "आता मला जायाला पायजे, मामा. न्हायतर नवस फिटत न्हाय."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या आधी राग आला, हे लपवत नाही. महिनोन्‌महिने मी जिवाचं रान केलं, फोटो काढला, टॉवेल विकत घेतले, आणि तिथल्या एका अनोळखी बाईने ओली मान धरून एक वाक्य सांगितलं, ते याला पटलं. मग राग गेला आणि वाटलं, तिने मला ओळखलं. मी कड्यातून जे बोललो होतो ते तिने वाचलं आणि झुपक्यातून उत्तर पाठवलं. धंद्यातलं माणूस. तिचं नाव काय, मी विचारलं. अंबादासने विचारलं नव्हतं. ही एक रुखरुख राहून गेली आहे.

ऑपरेशन ठरलं. त्या सकाळी दवाखान्यात जायच्या आधी तो दुकानात आला. दवाखान्यातल्या पोरांना हे केस काढू देणार नाही, ते नवसाचे आहेत, तुम्हीच काढा, असा हट्ट. नवं ब्लेड लावलं. मसावर ब्लेड न टेकवता केस काढले आणि कागदाच्या पुडीत घातले. अंबादासने पुडी कपाळाला लावून खिशात ठेवली.

सवयीने मी मागे आरसा धरला. आणि त्याने बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा. मान वळवली, डोळे बारीक केले, माझा हात धरून आरसा जवळ ओढला. बराच वेळ बघत राहिला. समोरच्या आरशात त्याचा चेहरा मला दिसत होता, तो लहान पोरासारखा झाला होता. म्हणाला, "असलं दिसत हुतं व्हय? आणि तुमी हे सारकं बघत हुता." मी कापड झटकायला बाहेर गेलो.

तपासणीत वाईट निघालं. पण मुळं खोल गेली नव्हती, डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. पुडी एका पाहुण्याबरोबर तिरुपतीला गेली. नवस फिटला. आता दर काही महिन्यांनी तपासायला जावं लागतं, आणि तो दवाखान्यात असतो तोवर मी पेपरचं एकच पान धरून बसतो. तो परत येताना लांबूनच हात हलवतो, मग मी पान उलटतो.

केस पुन्हा वाढल्यावर तो पहिल्यांदा कटिंगला आला तेव्हाची गोष्ट. उजव्या कानामागे आता फक्त जखमेची पांढरी रेघ आहे. खुर्चीत बसल्यावर त्याच्या नातीचा विषय निघाला, तिच्या नावाने तो नवा माग घालणार होता, दुसऱ्या दिवशी चालू करायचा होता. बोलता बोलता त्याचा हात मागे गेला आणि हवेतच थांबला. त्याने हात खाली घेतला आणि मला विचारलं, "आता हात कुटं न्यायचा, मामा?"

मी कात्री चालवत राहिलो. कात्री उजव्या कानामागे आली. त्याने विचार न करता पुन्हा हात मागे नेला, आणि त्याची बोटं माझ्या अंगठ्याला लागली. माझा डावा अंगठा त्या पांढऱ्या रेघेवर होता. काही नसलेल्या जागेवर, झाकून धरलेला.

"तुमी बी?" तो म्हणाला.

व्हय, म्हणालो, मी बी. त्याने बोटं काढली नाहीत, आणि मी अंगठा.